रुपयाचे जुने भाव: पौंड, शिलिंग, डॉलर आणि बाबाशाही (बडोदेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

बडोद्यातल्या मराठी घरांत जुन्या विनिमय दराची चौकशी तीन निमित्तांनी होते: प्राप्तिकराचं विवरणपत्र, वाटणीचा वाद, आणि जेवणानंतरच्या गप्पा. विवरणपत्राला अचूक आकडा लागतो, वाटणीत सोयीचा आकडा लागतो, आणि गप्पांत कुठलाही चालतो. दांडिया बाजारात कर-सल्ल्याचं काम करताना हे तिन्ही प्रकार रोज कानावर पडतात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. कुणी नुसतं "तेव्हा डॉलर कितीला होता?" असं विचारलं, तर मी आधी तीन गोष्टी विचारतो: कोणत्या तारखेला, कुणाचा दर, आणि घेताना की देताना?

१९४७ साली एक रुपया म्हणजे एक डॉलर होता, हे खरं ना?

नाही. दर पंधरा ऑगस्टला मोबाइलवर फिरणारा हा आकडा कधीच खरा नव्हता.

त्या वेळी रुपया डॉलरला नव्हे, पौंडाला बांधलेला होता. एक रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स. पौंडात २० शिलिंग, शिलिंगात १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. रुपयाचे १८ पेन्स धरले की २४० भागिले १८, म्हणजे १३.३३ रुपयांना एक पौंड. त्या वर्षी पौंडाचा ठरलेला भाव ४.०३ डॉलर होता. १३.३३ ला ४.०३ ने भागा: डॉलर ३ रुपये ३१ पैशांच्या आसपास येतो.

मागे गेलं तरी बरोबरी सापडत नाही. १९१३ मध्ये पौंड १५ रुपयांना आणि ४.८७ डॉलरना होता, म्हणजे डॉलर ३ रुपये ८ पैशांच्या जवळ. पहिल्या महायुद्धानंतर चांदी भडकली आणि १९२० च्या सुरुवातीला रुपया काही आठवडे २ शिलिंग १० पेन्सच्या आसपास पोचला, शिवाय पौंड स्वतः डॉलरपुढे घसरलेला होता. रुपयाच्या त्या ऐन चढत्या काळातही डॉलरला दोन रुपये पडतच होते.

"तेव्हा देशावर परकीय कर्ज नव्हतं, म्हणून बरोबरी होती" हा युक्तिवादही टिकत नाही. कर्ज नव्हतं हे खरंच. उलट युद्धकाळातल्या पुरवठ्यापोटी ब्रिटनच आपलं अब्जाहून अधिक पौंडांचं देणं लागत होता. पण दर त्यावरून ठरला नव्हता, तो १९२७ च्या कायद्याने ठरला होता. देणेकरी कोण आणि धनको कोण, याने दोन नाणी आपोआप एका भावाची होत नाहीत.

आजोबांच्या वहीत प्रत्येक पौंडापुढे "१३ रु. ५ आ. ४ पै" असं का लिहिलंय?

तो वरचाच १३.३३ आहे. रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. रुपयाचा तिसरा हिस्सा म्हणजे ५ आणे ४ पै. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली आणि नंतरच्या वह्यांत तेच १३.३३ झालं. भाव बदलला नाही, लिहिण्याची पद्धत बदलली.

पण पणजोबांच्या पत्रात पौंड १५ रुपयांना आहे, आणि त्याही आधीच्या एका कागदात १० ला. कोणतं खरं?

तिन्ही खरे, आपापल्या काळात.

१८७० च्या सुमारास रुपया साधारण २ शिलिंगांचा होता, म्हणजे पौंड १० रुपयांना. रुपया चांदीचा, पौंड सोन्याचा. पुढे जर्मनीने चांदीचं नाणं सोडून सोनं धरलं, अमेरिकेत चांदीच्या मोठ्या खाणी निघाल्या, आणि जगात चांदी स्वस्त झाली. चांदी पडली तसा रुपयाही पडत गेला. १८९३ पर्यंत तो १ शिलिंग ३ पेन्सच्या खाली घसरला. सरकारला लंडनमध्ये निवृत्तिवेतनं, व्याज आणि सामानाची किंमत पौंडांत चुकवावी लागे. तेवढ्याच पौंडांसाठी इथल्या रयतेकडून जास्त रुपये गोळा करावे लागू लागले, तेव्हा सरकार घाबरलं. जून १८९३ मध्ये टांकसाळीत कुणीही चांदी आणून रुपये पाडून घेण्याची मोकळीक बंद झाली. नाण्यांची टंचाई करून भाव वर चढवला गेला आणि १८९८-९९ पर्यंत तो १ शिलिंग ४ पेन्सवर, म्हणजे पौंडाला १५ रुपयांवर बसला. पणजोबांचं पत्र यानंतरचं असणार.

या १५ च्या दराशी बडोद्याचं एक नातं आहे. १९१३ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली: महिना साडेअकरा पौंड. संस्थानच्या दृष्टीने ही रक्कम महिना १७२ रुपये ८ आणे झाली. न्यूयॉर्कमध्ये तिचे साधारण ५६ डॉलर होत. त्याच विद्यार्थ्याने पुढे लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि १९२३ मध्ये तो पुस्तकरूपाने आला. सरकारच्या हातात रुपयाची कळ ठेवणाऱ्या सुवर्ण-विनिमय पद्धतीवर त्यांनी त्यात कडाडून टीका केली. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ केन्स हे त्या पद्धतीचे पुरस्कर्ते, आणि आंबेडकरांनी त्यांच्याशी सरळ वाद घातला. १९२५ मध्ये रुपयाच्या चलनाचा विचार करायला नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांची साक्षही झाली. विनिमय दराचा इतिहास सांगताना हे नाव राजकारणाच्या गर्दीत मागे पडतं, हे मला खटकतं.

१९२० मध्ये सरकारने रुपया २ शिलिंगांवर नेऊन ठेवायचा प्रयत्न केला. त्यासाठी नेमलेल्या समितीतले दादिबा दलाल यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १ शिलिंग ४ पेन्सच ठेवा असं बजावलं होतं. वर्षभरात दलाल बरोबर ठरले, भाव कोसळला. तरीही १९२७ च्या कायद्याने १ शिलिंग ६ पेन्स ठरवले. हिल्टन यंग आयोगातले पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी आयोगाच्या अहवालाला विरोध नोंदवला होता, कारण महाग रुपयाने निर्यात करणाऱ्या शेतकऱ्याला आणि गिरणीला कमी रुपये हाती पडतात. दोन पेन्सांचं हे भांडण वर्षानुवर्षं चाललं.

म्हणून जुन्या कागदावर ठोकळ नियम असा: १९०० ते १९१६ च्या सुमारास १५, आणि १९२७ ते जून १९६६ पर्यंत १३.३३. मधल्या दहा वर्षांसाठी महिना कळल्याशिवाय आकडा लावू नका.

घरात सापडलेल्या खतात "बाबाशाही रुपये पाचशे" लिहिलंय. हे साधेच रुपये ना?

अजिबात नाही. बाबाशाही हे गायकवाडी संस्थानचं स्वतःचं नाणं. इंग्रज सरकारचा रुपया वेगळा; त्याला लोक कलदार म्हणत. दोन्ही चांदीचे, दोन्हींचं नाव रुपया, पण बाबाशाही कलदारापेक्षा हलक्या भावाचा. देवघेवीत सराफ त्यावर बट्टा कापत, आणि हा बट्टा ऋतूनुसार, चांदीच्या भावानुसार, सारावसुलीच्या हंगामानुसार कमीजास्त होई. म्हणजे एकाच शहरात, मांडवीच्या एकाच पेठेत, दोन चलनांचा रोजचा विनिमय दर चालत होता. आज आपण विमानतळावर डॉलर बदलतो तेव्हा जी घासाघीस करतो, तीच तेव्हा भाजी घ्यायला जाताना करावी लागे.

१८९३ मध्ये कलदाराची टांकसाळ मोकळ्या चांदीला बंद झाल्यावर गोची वाढली. कलदाराचा भाव आता चांदीपासून सुटला, पण संस्थानी नाणी चांदीच्या भावाबरोबर खाली जात राहिली. विसावं शतक उजाडता उजाडता बडोद्याने कलदार स्वीकारला आणि बाबाशाही चलनातून गेला.

खत वाचताना आधी नाण्याचं नाव शोधा: बाबाशाही, कलदार, कंपनी, सुरती. मग मिती बघा. गायकवाडी कागदांत आणि नाण्यांवर बहुधा संवत असतं (जुन्या नाण्यांवर हिजरी सनही), इसवी सन नव्हे. संवतातून साधारण ५६ किंवा ५७ वजा करावे लागतात. वाटणीच्या दाव्यात असा कागद लावायचा असेल तर त्याच वर्षाचा, त्याच भागाचा बट्टा दाखवणारा दुसरा कागद शोधा. बडोद्याच्या कोठी कचेरीतल्या अभिलेखागारात आणि घरोघरच्या चोपड्यांत अशा नोंदी सापडतात. एका वर्षाचा बट्टा दुसऱ्या वर्षाला लावणं म्हणजे हिशेब नव्हे.

आमचे आजेसासरे मोंबासाला रेल्वेत कारकून होते. त्यांनी पाठवलेल्या शिलिंगांचे किती रुपये होत?

हा खास आपल्या बडोद्याचा प्रश्न; पुण्याच्या माणसाला तो सहसा पडत नाही.

पूर्व आफ्रिकेत आधी रुपयाच चालत असे. १९२० मध्ये तिथे रुपयाच्या जागी फ्लोरिन आला, आणि लगेच पुढे शिलिंग. हा पूर्व आफ्रिकी शिलिंग ब्रिटिश शिलिंगाच्या बरोबरीचा, म्हणजे वीस शिलिंगांचा पौंड. तेव्हा १९२७ ते १९६६ मधला हिशेब सोपा: १३.३३ भागिले २०, शिलिंगाचे १० आणे ८ पै. महिना शंभर शिलिंग आले तर ६६ रुपये १० आणे ८ पै. मनीऑर्डरची किंवा ड्राफ्टची हुंडणावळ यातून वजा. बँक ऑफ बडोदाने १९५३ मध्ये मोंबासा आणि कंपाला इथे शाखा उघडल्या, त्यानंतरच्या पावत्या घरात असतील तर प्रत्यक्ष हाती आलेला दर त्यांवरच छापलेला मिळेल. तोच धरा.

जून १९६६ मध्ये रुपया पडला आणि शिलिंग १ रुपया ५ पैशांचा झाला. त्याच वर्षी केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी आपापले वेगळे शिलिंग काढले. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड पडला तेव्हा हे तिन्ही देश पौंडाबरोबर खाली गेले नाहीत. म्हणून १९६८ मध्ये नैरोबीचा शिलिंग १.०५ रुपयांनाच राहिला आणि लंडनचा ९० पैशांवर आला. एकाच नावाच्या दोन नाण्यांचे दोन भाव! "शिलिंग" एवढंच लिहिलेलं पत्र असेल तर पाकिटावरचा शिक्का बघणं भाग आहे.

ईदी अमीनच्या ऑगस्ट १९७२ च्या हकालपट्टीच्या हुकुमानंतर युगांडा सोडावं लागलेल्यांच्या बाबतीत दराला अर्थच उरत नाही. कागदावर भाव काहीही असो, शिलिंग देशाबाहेर काढू देत नव्हते.

१९४९ मध्ये नेमकं काय झालं?

सप्टेंबरात ब्रिटनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला. आपण पौंडाला बांधलेले, म्हणून आपणही तेवढेच खाली आलो. पौंड १३.३३ लाच राहिला, डॉलर ३.३१ वरून ४.७६ वर गेला. लंडनला पैसे पाठवणाऱ्याला फरक जाणवला नाही, न्यूयॉर्कला पाठवणाऱ्याला जाणवला.

जास्त गुंतागुंत शेजारी झाली. पाकिस्तानने आपला रुपया खाली आणला नाही. तोवर बरोबरीत असलेल्या दोन रुपयांत रातोरात फट पडली: १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये. दिल्लीने हा भाव मानायला नकार दिला. ताग पूर्व बंगालात पिके आणि गिरण्या कोलकात्याला, त्यामुळे व्यापार अडकून पडला. पाकिस्तानने अखेर १९५५ मध्ये आपला रुपया खाली आणला.

६ जून १९६६ च्या अवमूल्यनाला कुणी ३६ टक्के म्हणतं, कुणी ५७ टक्के. बरोबर कोण?

दोघंही. डॉलर ४.७६ वरून ७.५० झाला. डॉलरच्या बाजूने पाहिलं तर तो ५७.५ टक्क्यांनी महागला. रुपयाच्या बाजूने पाहिलं तर आधी एका रुपयात २१ सेंट मिळत, आता साडेतेरा सेंटांहून कमी, रुपया ३६.५ टक्क्यांनी उतरला. सरकार लहान आकडा सांगतं, विरोधक मोठा. आजही बातमी वाचताना टक्के कोणत्या बाजूने मोजलेत ते बघावं.

कारणं एका रात्रीची नव्हती. १९६२ आणि १९६५ ची युद्धं, १९६५ चा दुष्काळ, अमेरिकेची थांबलेली मदत, आणि आधीपासूनच तुटलेला दर. ४.७६ हा सरकारी भाव होता खरा, पण निर्यातदाराला अनुदान आणि परवान्यांच्या रूपाने वेगळे पैसे मिळत, आयातदाराला जकात भरावी लागे. म्हणजे खरा दर आधीच वर गेला होता, फक्त कबूल केलेला नव्हता. मदत सुरू व्हायची तर अवमूल्यन करा, असा जागतिक बँकेचा आग्रह होता. पंतप्रधान इंदिरा गांधी, अर्थमंत्री सचिन चौधुरी. निर्णयाच्या आतल्या गोटात मुख्य आर्थिक सल्लागार आय. जी. पटेल होते, आपल्या बडोदा कॉलेजचे विद्यार्थी आणि १९७७ ते १९८२ या काळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर. त्या काळातली एखादी नोट घरात असेल तर तिच्यावर त्यांची सही पाहायला मिळेल.

निर्णयानंतर पुन्हा पाऊस रुसला, मदत अपेक्षेपेक्षा कमी आली, आणि अवमूल्यन हा शब्द राजकारणात शिवीसारखा झाला. पुढची पंचवीस वर्षं कुणी तो उच्चारला नाही. माझ्या मते १९६६ चं खरं नुकसान भावात नव्हतं, या भीतीत होतं.

काका तेव्हा लंडनला होते. ते म्हणतात, आधी फायदा झाला आणि मग गेला. कसं काय?

काका बरोबर सांगतायत. मे १९६६ मध्ये त्यांनी १०० पौंड पाठवले असते तर घरी १,३३३ रुपये आले असते. डिसेंबर १९६६ मध्ये २,१००. मग नोव्हेंबर १९६७ मध्ये ब्रिटनने पौंड २.८० वरून २.४० डॉलरवर आणला आणि या वेळी आपण सोबत गेलो नाही. पौंड २१ वरून १८ वर आला, म्हणजे १,८०० रुपये.

१९७१ नंतर रुपया डॉलरला बांधला की पौंडाला?

ऑगस्ट १९७१ मध्ये अमेरिकेने डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं आणि ठरलेल्या भावांची सगळी घडी विस्कटली. आपण काही महिने डॉलरला ७.५० वर धरून राहिलो, डिसेंबरात पुन्हा पौंडाकडे गेलो, १८.९६७७ रुपये या दराने. त्यामुळे डॉलर थोडा स्वस्त, ७.२८ च्या आसपास झाला. जून १९७२ मध्ये पौंडच तरंगू लागला, म्हणजे त्याचा भाव बाजारावर सोडला गेला. अखेर २५ सप्टेंबर १९७५ ला एका चलनाचा हात सोडून अनेक चलनांच्या टोपलीला रुपया जोडला गेला. टोपलीत काय आणि किती, हे जाहीर नसे.

मग ७.५० चा डॉलर १९९० पर्यंत साडेसतरावर कसा गेला? अवमूल्यन तर झालंच नव्हतं.

जाहीर झालं नव्हतं. टोपलीची मुभा वापरून रिझर्व्ह बँक रुपयाला हळूहळू खाली सरकू देत होती. वर्षाच्या सरासरीत डॉलर १९८० ला आठाच्या किंचित खाली, १९८५ ला सव्वाबाराच्या वर, १९९० ला साडेसतरा.

बाबा म्हणतात, ते १९७० च्या सुमारास अमेरिकेला गेले तेव्हा आठच डॉलर मिळाले. तेव्हाचा दर काय होता?

सरकारी दर ७.५०, म्हणजे आठ डॉलरचे ६० रुपये. पण असा प्रश्न विचारणाऱ्याला मी एवढंच उत्तर देत नाही. ज्या भावाने हवं तेवढं मिळत नाही, तो भाव अर्धाच खरा. परकीय चलन रेशनवर होतं. ज्यांना जास्त हवं ते चोरबाजारात जास्त मोजत. १९४७ च्या आणि पुढे १९७३ च्या फेरा (परकीय चलन नियमन) कायद्याखाली तो गुन्हा होता. त्या चोरबाजाराचे भाव अनेक जण छातीठोकपणे सांगतात. मी ते कोणत्याही हिशेबात धरत नाही, कारण त्यांना पावती नव्हती.

१९९१ ला सोनं गहाण ठेवलं आणि रुपया पाडला, हे एकाच वेळी झालं का?

जवळजवळ. आखाती युद्धाने तेल महागलं, आखातातून येणारा पैसा आटला, अनिवासी भारतीयांनी ठेवी काढून नेल्या, आणि तिजोरीत दोनेक आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलं. रिझर्व्ह बँकेने जुलैत सुमारे ४७ टन सोनं तारण ठेवून साधारण ४० कोटी डॉलर उभे केले. १ आणि ३ जुलैला दोन टप्प्यांत रुपया खाली आणला: डॉलर सुमारे २१ वरून २६ च्या जवळ. अर्थमंत्री मनमोहन सिंग होते. दोन टप्पे का? पहिल्या पावलावर बाजार काय करतो ते बघण्यासाठी.

१९९२ मध्ये बँकेने आमच्या १,००० डॉलरचे रुपये दोन वेगवेगळ्या दरांनी दिले. ही फसवणूक होती का?

नाही, तो नियमच होता. १ मार्च १९९२ पासून वर्षभर आलेल्या परकीय चलनाचा ४० टक्के हिस्सा सरकारी दराने आणि ६० टक्के बाजारभावाने बदलला जाई. सरकारी दर २६ आणि बाजारभाव ३० धरला तर ४०० डॉलरचे १०,४०० आणि ६०० डॉलरचे १८,०००, एकूण २८,४००. म्हणजे सरासरी २८ रुपये ४० पैसे. हा आकडा कोणत्याही तक्त्यात सापडत नाही, म्हणून त्या वर्षाच्या पासबुकावरून भांडणं होतात. १ मार्च १९९३ ला दोन्ही दर एक झाले, डॉलर ३१ च्या वर. तेव्हापासून रुपयाचा भाव बाजारात ठरतो. रिझर्व्ह बँक फार हेलकावे येऊ लागले की मध्ये पडते.

त्यानंतरचे टप्पे थोडक्यात सांगा.

२००२ मध्ये ४९ च्या आसपास, २००८ च्या सुरुवातीला ३९ च्या जवळ (हो, रुपया वधारतोही), ऑगस्ट २०१३ अखेर ६८ च्या वर, ऑक्टोबर २०१८ मध्ये ७४, ऑक्टोबर २०२२ मध्ये ८३ च्या पार, डिसेंबर २०२४ मध्ये ८५ च्या पार.

विवरणपत्रात कोणता दर लिहायचा? गूगलवरचा चालेल का?

चालत नाही. प्राप्तिकराच्या १९६२ च्या नियमावलीतला नियम ११५ (मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नासाठी) स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट धरायला सांगतो, म्हणजे बँक तारेने आलेलं परकीय चलन विकत घेते तो दर. तारीख उत्पन्नाच्या प्रकारानुसार बदलते. परदेशी पगार ज्या महिन्यात देय झाला, त्याच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. भांडवली नफ्याला विक्रीच्या आधीच्या महिन्याचा शेवटचा दिवस. परदेशातल्या घरभाड्याला आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. म्हणजे न्यू जर्सीतले शेअर्स २० ऑगस्टला विकले तर ३१ जुलैचा दर. त्या दिवशी बँक बंद असेल तर त्याच्या आधीच्या कामकाजाच्या दिवसाचा धरतात. कायदे आणि नियमांचे क्रमांक बदलत असतात, तेव्हा भरण्यापूर्वी त्या वर्षाचा नियम बघून घ्या.

स्टेट बँक रोजचा तक्ता प्रसिद्ध करते, पण दुसऱ्या दिवशी त्याच जागी नवा येतो. ज्यांचं परदेशी उत्पन्न नेहमीचं आहे त्यांनी प्रत्येक महिन्याच्या शेवटच्या दिवसाची पीडीएफ उतरवून ठेवावी. मार्चनंतर धावाधाव करणाऱ्यांना हे दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी तेच लोक जुलैत येतात.

दोन संकेतस्थळांवर एकाच दिवसाचे दोन दर दिसतात. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कुणीच नाही. एक जण दिवसाची सरासरी देतो, दुसरा बंद भाव. काही घेण्या-विकण्याच्या मधला भाव दाखवतात, जो तुम्हा-आम्हाला कोणत्याच खिडकीवर मिळत नाही. सरकारमान्य संदर्भ दर जुलै २०१८ पर्यंत रिझर्व्ह बँक जाहीर करत असे, त्यानंतर एफबीआयएल ही संस्था करते. तो दुपारी येतो आणि त्या दिवशीच्या ठरावीक वेळेतल्या व्यवहारांवर बेतलेला असतो. बँकेच्या तक्त्यात तर टीटी, बिल, रोकड यांचे वेगवेगळे, आणि प्रत्येकाचे घेण्याचे-विकण्याचे वेगळे भाव. रोकडीचा तुमच्यासाठी सगळ्यात वाईट, कारण नोटा सांभाळायचा आणि हलवायचा खर्च बँक त्यात घालते.

१९९३ पूर्वीचे रोजचे भाव दाखवणाऱ्या संकेतस्थळांपासून मात्र जपून. त्यांतले बरेचसे वर्षाची सरासरी घेऊन ती ३६५ दिवसांना चिकटवतात. १९६६ ची सरासरी घेतली तर सहा-साडेसहाच्या आसपासचा आकडा येतो, जो भाव त्या वर्षात एकाही दिवशी नव्हता.

३.३१ वरून २०२४ अखेर ८५. म्हणजे आपण २५ पटींनी गरीब झालो ना?

नाही. दोन देशांत महागाई वेगवेगळ्या वेगाने वाढली की दर त्या फरकाच्या मागे जातो. १९४७ चे ३.३१ रुपये कमवायला तेव्हाच्या मजुराला किती दिवस लागत, आणि २०२४ अखेरचे ८५ कमवायला किती तास, हे विचारल्याशिवाय तुलना अपुरी आहे. शिवाय डॉलरची स्वतःची खरेदीशक्तीही तेव्हाची राहिलेली नाही. मोबाइलवरच्या संदेशात यातलं काहीच नसतं.

आजीच्या पेटीत जुने डॉलर, पौंडाच्या नोटा, शिलिंग आणि बाबाशाही निघाले. बँक बदलून देईल का?

अमेरिकेच्या १८६१ पासूनच्या नोटा आजही वैध चलन आहेत, पण इथली बँक फार जुनी नोट घ्यायला कुरकुर करते. अमेरिकेत जाणाऱ्या नातेवाइकाबरोबर पाठवणं सोपं. बँक ऑफ इंग्लंडच्या चलनातून गेलेल्या नोटा ती बँक स्वतः केव्हाही बदलून देते, तेही फक्त छापलेल्या रकमेइतके. तिथे १९६० च्या ५ पौंडांचे ५ पौंडच मिळतात, संग्राहक कधी जास्त देतो. म्हणून आधी त्याला दाखवा. परदेशी नाणी इथल्या बँका घेत नाहीत. जुने पूर्व आफ्रिकी शिलिंग संग्राहकांकडेच जातील. बाबाशाही रुपये विकायला काढले तर सराफ चांदीच्या वजनाने मागेल. त्याला देऊ नका, आधी नाणी ओळखणाऱ्या माणसाला दाखवा, आणि तोवर चिंच लावून घासू नका.